नावापुढचा ठिपका

दिल्लीत फेब्रुवारीचे पंधरा दिवस असे येतात की त्यांचं काय करावं ते कुणालाच कळत नाही. स्वेटर घालावा तर दुपारी घाम फुटतो, काढून ठेवावा तर संध्याकाळी नाक गळायला लागतं. धुकं गेलेलं असतं, पंखे अजून सुरू झालेले नसतात. आमच्या द्वारकेच्या सोसायटीत बायका रजया उन्हात टाकतात. डब्याच्या तळाशी राहिलेली तीळगुळाची गजक बाहेर निघते, मऊ पडलेली. आणि शाळेत बारावीची प्रवेशपत्रं येतात.

याच दिवसांत माझ्या पोटात दरवर्षी एक गोळा येतो. मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाटतं ॲसिडिटी. "अगं, परीक्षा पोरांची आहे, तू कशाला मरतेस?" असं म्हणून तो गोळी पुढे करतो. बिचाऱ्याचं आयुष्य सरकारी फायलींत गेलं, फायलींना बोर्डाची परीक्षा नसते. मी गोळी घेते आणि गप्प बसते. तो गोळा कसला आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीचा आहे तो, आणि गोळ्यांनी जाणारा नाही.

थंडीत शिक्षक कुठे असतात? स्टाफरूममध्ये तर मुळीच नाही. तिथे बर्फ पडायचाच काय तो बाकी असतो. सगळे गच्चीवर. मधल्या सुट्टीत आपापली खुर्ची उचलायची, उन्हाच्या पट्ट्यात टाकायची, आणि पट्टा सरकला की खुर्चीसकट सरकायचं. संत्री सोलली जातात, शेंगदाणे फोडले जातात, आणि मुलंही. हो, मुलंसुद्धा. कोण आळशी, कोण नाटकी, कुणाचे वडील उद्धट, कोण पुढे नाव काढणार. बाहेरच्यांना वाटतं आम्ही शिकवण्याबद्दल बोलत असू. छे हो.

माझा एक सिद्धांत आहे. शिक्षकाचा छंद सांगा, त्याचा लाडका विद्यार्थी कसा असेल ते मी सांगते. इंग्रजीच्या मिसेस अरोरांचं विणकाम. सुया चालू, तोंडही चालू. त्यांना शांतपणे एका जागी बसणारी मुलं आवडतात, चुळबुळ्या पोरावर त्यांची खप्पामर्जी. फिजिक्सचे भाटिया सर शेवंतीच्या कुंड्यांमागे वेडे. जो मुलगा न सांगता झारी उचलेल तो त्यांच्या लेखी निम्मा पास. आणि आमचे उपमुख्याध्यापक माथुर सर जुनी मनगटी घड्याळं दुरुस्त करतात. टेबलाच्या खणात चिमटे, भिंग, बारीक चाकं. दोन मिनिटं उशिरा येणारं मूल त्यांच्या मनातून कायमचं उतरतं. मग ते हुशार असो की गुणी.

आणि मी? मी गणित शिकवते, पण वेड अक्षराचं. गजभिये मॅम को लिखावट दिखा दो, बस, असं मुलं एकमेकांना सांगतात, मला माहीत आहे. गणितात अक्षराला गुण नसतात हे काय मला कळत नाही? पण सुबक पायऱ्यांनी उतरत आलेलं एखादं उदाहरण पाहिलं की मला भूक लागल्यासारखं होतं. सुंदर वह्यांची पानं मी कापून ठेवते, घरी एक जाडजूड फाइल आहे. लेक म्हणते, "आई, यू आर सो वियर्ड यार." असेन बाई.

हे वेड बाबांकडून आलं. आजोबा अंगठा लावायचे. बाबा भंडाऱ्याकडून शिकून दिल्लीला आले, केंद्र सरकारच्या एका खात्यात लागले, आणि खात्यात त्यांचं अक्षर गाजलं. साहेब लोक मसुदा त्यांच्याच हातून लिहून घ्यायचे. सरोजिनी नगरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये रविवारी सकाळी आम्हा भावंडांना ते पुस्ती घालायचे. म्हणायचे, "आपल्या घरातलं पहिलं अक्षर माझं आहे. ते पुढे वाकडं येता कामा नये." मी चुकले की ते रागवत नसत, पान फाडून नवं देत.

आता ठिपक्याबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच अडकलं आहे.

आमच्या शाळेत हजेरीच्या रजिस्टरात नावापुढे पेन्सिलीने एक बारीक ठिपका द्यायची पद्धत होती. कुणी सुरू केली, देव जाणे. कुठल्या नियमात नाही, कुठे लिहिलेलं नाही. ठिपका म्हणजे, या मुलावर लक्ष ठेवा. एप्रिलमध्ये जुना वर्गशिक्षक नव्याच्या हाती रजिस्टर देताना ठिपक्यांवर बोट ठेवून दोन दोन वाक्यं बोलायचा, ये झूठ बोलता है, इसकी माँ से संभलकर. एकदा ठिपका आला की तो मुलाबरोबर वर चढायचा. आणि माझ्या ठिपक्याला तर मान होता. भाटिया सर म्हणायचे, "गजभिये मॅम का निशाना कभी चूकता नहीं." ते ऐकून मी फुगत असे. कशाला खोटं बोलू?

अंजली नववीत माझ्या वर्गात आली. बारीक, सावळी, तेल लावून घट्ट दोन वेण्या. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. तिची गृहपाठाची वही पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसले. अंक असे की छापावेत. बरोबरची चिन्हं एकाखाली एक, पट्टीने ओढल्यासारखी. मी पानं उलटत राहिले, चहा गार झाला. मग आठवड्याने चाचणी झाली आणि तिचा पेपर हातात आला. कोंबडीचे पाय! पाचाचा सहा दिसतो, ओळी उतरणीला लागलेल्या. उत्तरं बहुतेक बरोबर, पण अक्षर? हे अक्षर त्या वहीचं असणं शक्यच नव्हतं.

मी तिला विचारलं का? नाही. समोर बसवून दोन ओळी लिहून घेतल्या का? नाही. मला इतका राग आला होता की काय सांगू. कुणीतरी मला माझ्याच आवडीच्या गोष्टीत फसवलं, असं वाटलं. मोठी बहीण लिहून देत असणार, किंवा शिकवणीवाला. मी रजिस्टर उघडलं आणि तिच्या नावापुढे ठिपका दिला. पेन्सिल जरा जोरातच टेकली गेली.

ऑक्टोबरात पालकसभा झाली. अंजलीचे वडील आले, करोल बागेतल्या गाड्यांच्या बाजारातून थेट, नखांत काळा रंग. ते गाड्यांच्या नंबर प्लेटा रंगवत. आता छापील सरकारी प्लेटा आल्यात, धंदा बसलाय, म्हणाले, दुकानांच्या पाट्या रंगवतो. सही करायला मी पेन दिलं. त्यांनी आपलं नाव असं लिहिलं की मी बघतच राहिले. प्रत्येक अक्षर आपापल्या जागी ताठ उभं. माझी नजर पाहून ते संकोचून हसले. "हाथ इसमें मेरा ही आया है जी. पर धीरे लिखती है तब. जल्दी में तो मैडम, इसका लिखा मैं भी नहीं पढ़ पाता."

शेजारी अंजली खाली मान घालून उभी होती. माझे कान तापले. चूक माझी, शंभर टक्के माझी, हे तिथल्या तिथे कळलं. पण चूक कळणं वेगळं आणि ती एका चौदा वर्षांच्या पोरीसमोर बोलून दाखवणं वेगळं. मी शिक्षकी मार्ग काढला. शाळाशाळांतून चालतं तसं, ज्याचं अक्षर चांगलं त्या मुलाकडून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला रजिस्टरच्या नव्या पानावर वर्गाची नावं लिहून घेतात. मुलांना हा मोठा मान वाटतो. नोव्हेंबरपासून ते काम मी अंजलीला दिलं. रजिस्टर तिच्या हातात ठेवून म्हटलं, "जैसा पिछले पन्ने पर है, बिल्कुल वैसा ही उतारना. कुछ भी इधर-उधर नहीं होना चाहिए." तिने मान डोलावली. मला बरं वाटलं. फिटंफाट झाली, असं समजून मी मोकळी झाले.

ठिपका खोडायचा राहून गेला.

राहून गेला म्हणजे काय, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. दोन सेकंदांचं काम. पर्समध्ये खोडरबर असतो माझ्या. पण रजिस्टरचं ते मागचं पान पुन्हा उघडावंसं वाटलं नाही, आणि नव्या पानांवर हजेरी घेताना मी तिच्या नावाकडे नीट बघतही नसे, खरं हे आहे. अंजली दहावीत गेली, मग विज्ञान घेऊन अकरावीत भाटिया सरांच्या वर्गात. तिथेही नावं लिहायचं काम तिच्याकडेच राहिलं, तिची कीर्ती झाली होती तशी. जिन्यात भेटली की "गुड मॉर्निंग मॅम" म्हणायची. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं. त्या प्रवेशाला बारावीच्या गणितात ठरावीक टक्के लागतात, ते जमवायला ती रात्रंदिवस खपत होती. मला कौतुक वाटायचं. ठिपक्याची आठवणही नव्हती.

आणि मग तो फेब्रुवारी.

बारावीची दुसरी सराव परीक्षा चालू होती. गणिताच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी प्रश्नपत्रिकेचा फोटो मुलांच्या फोनवर फिरला. सकाळी एका पालकाने तोच फोटो माथुर सरांना पाठवला, वर लिहिलं, यही आपकी पढ़ाई है? शाळेत जो भडका उडाला! प्रश्नपत्रिका ठेवल्या होत्या परीक्षेच्या खोलीत, कपाटात, आणि कपाटाची किल्ली दोन दिवस कुलपातच लटकत राहिली होती. म्हणजे गाढवपणा आमचा. पण तो कोण कबूल करणार? शोध सुरू झाला मुलांचा.

गणिताच्या बाई म्हणून मीही चौकशी समितीत होते. माथुर सर, भाटिया सर, मिसेस अरोरा आणि मी. माथुर सरांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, त्यांची सवय. गणिताचे अंतर्गत वीस गुण बोर्डाच्या पोर्टलवर भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. एकदा भरून पक्के केले की पोर्टल बंद. मग साक्षात ब्रह्मदेव आला तरी आकडा हलत नाही.

"रजिस्टर मँगवाइए," माथुर सर म्हणाले.

भाटिया सरांनी बारावीचं रजिस्टर उघडलं. चाळीस नावं, छापल्यासारखी. तीन ठिपके. त्यातला एक अंजलीच्या नावापुढे.

शिपायाने सांगितलं होतं, एक तारखेला सकाळी लवकर ही मुलगी परीक्षेच्या खोलीतून बाहेर पडताना दिसली. रजिस्टरं त्याच खोलीत, शेजारच्या कपाटात असतात. एक तारीख म्हणजे नावं लिहायचा दिवस. ती रजिस्टर न्यायलाच गेली असणार, हे मला उजेडाइतकं स्वच्छ दिसत होतं. भाटिया सरांनीही तसं दबक्या आवाजात म्हटलं. पण माथुर सरांनी मागची पानं उलटायला सुरुवात केली होती. जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर. दर पानावर, त्याच जागी, तेवढाच बारीक ठिपका. मग त्यांनी अकरावीचं रजिस्टर मागवलं, दहावीचं, नववीचं. बोट नववीच्या ऑगस्टवर जाऊन थांबलं.

"नाइन्थ से है. चार साल से हर टीचर ने देखा है. धुआँ बिना आग के नहीं होता."

मिसेस अरोरांच्या सुया थांबल्या. "चुप लड़कियाँ ही ज़्यादा शातिर होती हैं," त्या म्हणाल्या. याच मुलीच्या शांतपणाचं गेल्या वर्षी त्यांनी गच्चीवर कौतुक केलं होतं.

ठरलं असं की, फोटो कुणी काढला हे सिद्ध होत नाही तर नाही. पण ठिपका असलेल्या तिघांनाही वीसपैकी आठ द्यायचे. आठ! बाकी वर्गाला अठरा, एकोणीस, वीस. दहा-बारा गुण गेले की अंजलीचे टक्के गेले, टक्के गेले की आर्किटेक्चर गेलं. माथुर सर माझ्याकडे वळले. "नाइन्थ में तो आपके पास थी. आप क्या कहती हैं?"

आणि मी, गजभिये मॅम, जिचा निशाणा चुकत नाही, ती काय म्हणाली?

"देख लीजिए सर," मी म्हणाले. "जैसा ठीक लगे."

माझी जीभ कुणी धरली होती? कुणीही नाही. चौघांसमोर म्हणायचं होतं एवढंच की, ठिपका माझा आहे आणि चुकीचा आहे. पण ते म्हटलं असतं तर इतक्या वर्षांचे माझे बाकीचे ठिपके काय ठरले असते? पुढच्या थंडीत त्या गच्चीवर मी कुठल्या तोंडाने खुर्ची टाकली असती? हे सगळं त्या एका क्षणात डोक्यात येऊन गेलं, आणि अंजली मागे पडली.

घरी मेट्रोने आले. स्वयंपाकघरात कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायच्या विसरले. डाळ लागली. लेक टेबलावर अभ्यास करत होती, तिला म्हटलं, "तुझा खोडरबर दे जरा." ती म्हणाली, "खोडरबर मतलब?" मग मिलिंदने सांगितलं, "इरेज़र मागतेय ती." लेकीने दिला. मी तो हातात घेऊन बसले, का मागितला ते मलाच कळेना.

मिलिंदला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "तुझी ती आठवीतली गोष्ट आठवते का?"

आठवते का म्हणे! मी आठवीत हिंदीचा निबंध लिहिला होता, बाबांच्या वळणाने, जीव ओतून. बाईंनी वही सगळ्या वर्गासमोर उंच धरली. "किससे लिखवाया है? तुम्हारे यहाँ ऐसा कौन लिखता है?" तुम्हारे यहाँ म्हणजे कुठे, ते वर्गातल्या प्रत्येकाला कळलं होतं. मलाही. मग त्यांनी मला फळ्याजवळ बोलावून खडू दिला. लिख. माझा हात असा थरथरला की पहिलंच अक्षर वाकडं आलं. बाई वर्गाकडे वळून म्हणाल्या, "देखा?"

त्या बाईंना मी आजन्म शिव्या घातल्या. लग्न ठरताना मिलिंदला सांगितलेल्या पहिल्या दोन-चार गोष्टींतली ही एक. आणि मी त्यांच्याही पुढे गेले होते. त्यांनी निदान खडू तरी दिला होता. मी अंजलीला तोही दिला नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटचा तास साडेतीनला संपला. माथुर सरांच्या खोलीत भाटिया सर कॉम्प्युटरसमोर बसून गुण भरत होते, माथुर सर आणि मिसेस अरोरा शेजारी बसले होते. पंधरा नावं झाली होती, अंजलीचं अजून यायचं होतं. खिडकीतून छान ऊन येत होतं. मी दारातूनच बोलायला सुरुवात केली, आत जाऊन बसले असते तर पुन्हा गप्प झाले असते.

"सर, अंजलीच्या नावापुढचा ठिपका मी दिलाय. नववीत. मला वाटलं तिचा गृहपाठ दुसरं कुणी लिहून देतं. ते खोटं होतं. दोन महिन्यांनी मला कळलं आणि मी तो खोडला नाही. पुढे चार वर्षं जो काही ठिपका दिसतोय तो तेवढ्यावरचाच आहे." हे अर्थात मी हिंदीत बोलले, आणि इतकं सरळ नाही. मध्ये दोनदा अडखळले.

माथुर सर चिडले. "कल क्यों नहीं बोलीं आप?"

"डर गई थी सर."

मग भाटिया सरांनी खुर्ची फिरवली आणि रजिस्टर पुढे ओढलं. "और ये बाकी दो? ये किसके हैं?" आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणालाच आठवेना. मिसेस अरोरा म्हणाल्या, एक बहुतेक दहावीच्या सहलीत काहीतरी झालं होतं त्याचा. काय झालं होतं? ते त्यांना सांगता येईना. दुसऱ्याचा तर मागमूसच नाही. ठिपका आहे, पण देणारा नाही आणि कारणही नाही.

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. माथुर सरांनी टेबलावरचं घड्याळ उचलून मनगटावर चढवलं. शेवटी म्हणाले, "जो बनते हैं, वही भरो. तीनों के." अंजलीचे एकोणीस भरले गेले. मी भाटिया सरांच्या पाठीमागे उभी राहून पडद्यावर एक आणि नऊ दोन्ही आकडे वाचले, मग बाहेर आले. फोटो कुणी काढला होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. कपाटाची किल्ली तेव्हापासून माथुर सरांच्या खिशात असते. गच्चीवर बरेच दिवस माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असायची, आणि भाटिया सर निशाणा वगैरे काही म्हणेनासे झाले.

इथवर आले की वाटतं, चला, उशिरा का होईना, केलं. लोक म्हणतील, धीर दाखवलास. मिलिंद म्हणालाच. पण माझी गोष्ट इथे संपली असती तर हा पोटातला गोळा कधीच विरघळला असता.

बारावीचा शेवटचा दिवस होता. मुली साड्या नेसून निरोपसमारंभाला आलेल्या, पिना टोचतायत, पदर सावरतायत. अंजलीने आईची मोरपिशी साडी नेसली होती आणि ती भलतीच मोठी दिसत होती. मी तिला रिकाम्या वर्गात बोलावलं. चारही वर्षांची रजिस्टरं मी आणून ठेवली होती, आणि खोडरबर. तिच्यासमोर स्वतःच्या हाताने खोडायचं, असं मी ठरवून आले होते. माफी मागायची तर नीट मागावी.

मी सगळं सांगितलं. वही, चाचणी, माझा राग, ठिपका, त्याचा अर्थ. माझं बोलून झालं तेव्हा ती सावकाश म्हणाली, "मॅम, वो तो मुझे नाइन्थ से पता है."

"कैसे?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की हा काय प्रश्न झाला. "नाम तो मैं ही लिखती थी ना."

मला अजून उमजेना. मी मूर्खासारखी रजिस्टर उघडून बघत बसले. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, इथपर्यंत ठिपका मोठा, जरा फिसकटलेला. माझा. नोव्हेंबरपासून तो बदलला होता. बारीक, गोल, नावापासून दर वेळी तितक्याच अंतरावर. सुबक. नंबर प्लेट रंगवणाऱ्या बापाचा हात. पाच महिने नववीचे, दहा दहावीचे, दहा अकरावीचे, दहा बारावीचे. पस्तीस पानं.

"तूने लगाया? हर महीने?"

"जी."

"अर्थ माहीत होता तरी?" मी मराठीतच बोलून गेले, मग हिंदीत विचारलं, छोड़ क्यों नहीं दिया? एक बार भी? कोण बघणार होतं?

अंजलीने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. राग नव्हता.

"आपने ही तो कहा था मॅम. जैसा पिछले पन्ने पर है, बिल्कुल वैसा ही उतारना."

खाली मुलींनी तिला हाक मारली. ती वाकून माझ्या पाया पडली आणि साडी उचलून जिना उतरत गेली. मी खोडरबर घेऊन एकेक पान खोडत बसले. माझे तीन ठिपके जाता जात नव्हते, पेन्सिल कागदात रुतली होती. तिचे मात्र लगेच गेले. इतक्या हलक्या हाताने दिलेले होते ते.

ती आता आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मुनिरक्याला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. दिवाळीला हाताने लिहिलेलं कार्ड पाठवते. ते मी फाइलमध्ये लावलेलं नाही.

शाळेत ठिपके बंद झाले असं कुणी जाहीर केलं नाही, पण मला तरी पुन्हा दिसले नाहीत. आज एक तारीख. बाहेर ते तसंच बावळट ऊन, ना थंडीचं, ना उन्हाळ्याचं. सकाळी मी वर्गात रजिस्टर उघडून नवं पान घेतलं आणि पहिल्या नावापासून लिहायला लागले. आता नावं मीच लिहिते, महिन्याच्या महिन्याला. बोटांचे सांधे धरतात, अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही, ओळ उतरणीला लागते. पहिल्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ माझी धडपड बघत होती. तिची वही मी पाहिली आहे, फार देखणी आहे. शेवटी न राहवून ती उठली आणि म्हणाली, "मॅम, लाइए, मैं लिख दूँ?"

"नको, बेटा," मी म्हटलं, "तू बस," आणि पुढचं नाव लिहायला घेतलं.